फाया

आमच्या गल्लीच्या टोकाला जिनिंग आहे.
दिवाळीपासून होळीपर्यंत रुई उडते,
डोळ्यांना दिसत नाही,
पण दोरीवरच्या काळ्या परकराला विचारा,
माझ्या जुन्या कॉम्प्युटरला विचारा.
एप्रिलमध्ये झाकण उघडलं
तर पंख्याच्या पात्यांवर सुरवंटासारखी लव.
ढोटेंच्या लग्नाचा व्हिडिओ
सप्तपदीच्या चौथ्या पावलावर थांबला
आणि थांबलाच.

म्हणून नवं कॅबिनेट.
साडेआठच्या एसटीनं हिंगणघाट,
मी आणि मामाजी.
नवरा म्हणाला होता, सासऱ्याला कशाला नेतेस,
ते जिनातले तेलवाले.
बत्तीस वर्षं यंत्रांच्या कानात तेल घातलेला माणूस,
स्वतःच्या कानात रुई.

लांजेवारांच्या दुकानात ओळीनं पेट्या पेटलेल्या,
जांभळी, मोरपंखी, मग एकदम लाल,
जत्रेतल्या मौत का कुआँच्या पाटीसारख्या.
प्रणीत लांजेवार, वय असेल बावीस, सांगत होता:
समोर काच, बाजूला काच, पंखे आतच बसवलेले,
आणि ही कळ बघा ताई, वेगळं सॉफ्टवेअर नको,
ही दाबली की रंग बदलतो,
ही दाबली की वेग. हळू, मध्यम, जोरात.
"मिक्सरवानी," मामाजी म्हणाले.
प्रणीत हसला नाही.

खरं सांगते, मला काचच आवडली होती.
अल्बम पाहायला नवरदेवाकडची माणसं येतात,
कोपऱ्यात असं काही पेटलेलं असलं
की पाचशे रुपये जास्त सांगता येतात.

मामाजींनी कानातला नव्हे, खिशातला,
कोरा फाया काढला.
काचेसमोर धरला. सोडला.
फाया फरशीवर.
"तोंडच बंद केलं त श्वास कुठून घेईन थे?"
मग कोपऱ्यातल्या जाळीच्या काळ्या पेटीपुढे,
दोन बोटांतून सुटायच्या आत ओढला तिनं,
जाळीला चिकटून थरथरत राहिला.
मामाजी मागे गेले, पाठीशी तळवा धरला,
बराच वेळ,
ताप बघावा तसा.
"हे घे."
"मामाजी, हिला रंग कमी आहेत."
"रंगानं थंड होते काय?"

जाळीची चारशेनं महाग.
कशाचे, मी विचारलं.
गाळणी आहे आत, प्रणीत म्हणाला, ओढली की निघते.
आणि कळ तीन सेकंद दाबून ठेवली
की दिवे सगळे बंद, पंखे चालूच.
म्हणजे अंधाराचे पैसे.
मी तीनशेवर आणलं.
येताना एसटीत पेटी मांडीवर,
कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट मागितलं.

आमची झोपायची खोली आणि स्टुडिओ एकच.
मैथिलीनं आधी हिरवा लावून घेतला,
मग हिरव्यातच झोपली, गाल कैरीसारखे.
मी कळ दाबली. एक. दोन. तीन.
काळोख, आणि त्यात बारीक घरघर.
अंगणातल्या खाटेवरून आवाज आला,
"बंद पडलं काय वं?"
"नाही, दिवे विझवले."
"मंग बराबर. आवाज येऊन रायला."
अडीच वाजता ढोटेंची पोर
चौथ्या पावलावरून पाचव्यावर गेली.

दर रविवारी गाळणी ओढते.
मामाजी हात पुढे करून उभेच.
राखाडी रुई, फरतडीच्या लायकीचीही नाही,
पण ते मांडीवर वळतात
आणि वात होते.

परवा रात्री लाईट गेली. इन्व्हर्टरही बसलेला.
तीच वात लावली.
तडतडली, करपट वास सुटला,
मग धरली.
"इचा रंग बदलत नाई," मामाजी म्हणाले.
मैथिलीनं हळूच फुंकून पाहिलं.
बुडाशी जरासा
निळा झाला.